रिकामी गाडी उडते

कंपनीच्या तीन पिकअप. तिन्ही पांढऱ्या,
तिन्हींचं तोंड सारखं.
लांबून उंटालाही फरक कळू नये.
मला कळतो तो पाठीमुळे.

हैमापासून ऐंशी किलोमीटर आत आमचा कॅम्प.
रस्ता आहे, डांबर नाही.
ग्रेडर महिन्यातून एकदा येऊन तो सपाट करतो
आणि पाण्याचे टँकर चार दिवसांत
त्याचा पन्हाळी पत्रा करून ठेवतात.
त्या पत्र्यावर अकरा वर्षं माझी भाकरी भाजतेय.

टॉप मॉडेल हिलालसाहेबांचं.
मागे गुंडाळीच्या स्प्रिंगा, सीट चामड्याची,
आणि सीटमधून बुडाला गार वारा लागतो.
पहिल्या दिवशी मी दचकून उठलोच होतो.
त्या गाडीत रस्ता ऐकू येतो, लागत नाही.
शेजारच्या खोलीत कुणाचं भांडण चालावं
आणि आपण चादर डोक्यावर घ्यावी, तसं.

मधलं मॉडेल इंजिनिअर लोकांचं.
कमरेला टेकू आहे, तो मान्य.
पण चाकं रुबाबदार, मोठी, आणि टायर पातळ,
त्यामुळे प्रत्येक खडा नाव सांगून जातो.
स्टोअरचा वर्गीज तिला टेकून फोटो काढतो,
कोट्टायमला पाठवतो.
फोटोत हादरे येत नाहीत.

खालचं मॉडेल आमचं.
मागे पाट्यांचा जुडगा, एक टन उचलण्यासाठी बांधलेला.
रिकामी असली की ती चालत नाही, उडते.
डबा उघडा राहिला तर वरण छताला.
साठला दात वाजतात.
ऐंशीला वाजायचे थांबतात,
लाटांच्या माथ्यामाथ्यांवरून जाते ती तेव्हा,
पण मग स्टिअरिंगही आपलं राहत नाही.
लांज्याहून भाऊ फोनवर विचारतो,
"गाडी कशी रे तुमची?"
"एसी आहे," मी म्हणतो.

ऑगस्टमध्ये दिलबहादूरला मुतखड्याची कळ आली.
रात्रीचे दोन.
ॲम्ब्युलन्स दुसऱ्या रिगवर गेलेली,
टॉप मॉडेल साहेबांबरोबर मस्कतला,
मधल्याची किल्ली कुणाच्या तरी खिशात,
आणि तो खिसा सुट्टीवर.

आमचीच काढली. तो गुडघे पोटाशी घेऊन बसला.
गेटच्या गतिरोधकावर असा ओरडला
की गुलजमान वॉचमन टॉर्च घेऊन धावत आला.
पुढे ऐंशी किलोमीटर पत्रा.

मी गाडी मागे घेतली. थेट स्टोअरच्या शेडपाशी.
सिमेंटच्या गोण्या, पन्नास किलोच्या, बारा.
मी आणि गुलजमान. कुणी काही विचारलं नाही.
सातवीला पाटे कण्हले,
दहावीला बसले.
पुढच्या चाकांची थोडी हवा सोडली.
आणि अकरा वर्षं माझ्याशी भांडत आलेली ती गाडी
मान खाली घालून चालू लागली.

चाळीसच्या वर गेलो नाही.
दिलबहादूर काचेला डोकं टेकवून
रोल्पाच्या बसची गोष्ट सांगत होता,
तिच्या टपावर, बोकडांच्या मध्ये बसून,
तो स्वतःच्या लग्नाला कसा गेला त्याची.
मधेच थांबायचा, ओठ चावायचा,
मग परत बोकडांवर यायचा.
हैमाचे दिवे दिसले तेव्हा म्हणाला,
"दाइ, ही दुसरी गाडी आहे का?"
"तीच."
"मग?"
"मागे वजन आहे."
तो हसला असावा. अंधार होता.

सकाळी वर्गीजने रजिस्टर पुढे सरकवलं.
सिमेंट: बाहेर बारा, परत बारा, त्यात फाटक्या दोन.
शेवटचा रकाना कारणाचा.
मी बराच वेळ पेन धरून बसलो,
मग लिहिलं, मराठीत: आराम.
त्याने चष्मा वर केला, अक्षर अक्षर लावलं.
"आराम? ही साइट कुठे आली?"